उर्केरची लेक

माझी सख्खी मुलगी मला वहिनी म्हणते, हे ऐकून आमच्या ट्रॉलीबस डेपोतल्या रशियन बायका आधी हसायच्या. मग त्यांच्या लक्षात यायचं की मी हसत नाहीये. कझाख बायकांना मात्र काही समजावून सांगावं लागायचं नाही.

घरातलं पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आमची जुनी रीत. अंगावरचं दूध सुटलं की मूल त्यांच्या कुशीत जातं, त्यांनाच आई-बाप मानतं, आणि ज्यांनी जन्म दिला ते त्याचे दादा-वहिनी होतात. झिबेक दीड वर्षाची असताना सासूबाई तिला घेऊन गावी गेल्या, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सगळ्या भावकीने माझी पाठ थोपटली. म्हणे, केवढं मोठं मन! पुढची होतील ती तुझीच की! आयजीच्या जिवावर बायजी उदार. पुढची झालीच नाहीत.

आता झिबेक सात वर्षांची झाली होती आणि एक सप्टेंबरला तिची शाळा सुरू व्हायची होती. मी ठरवलं, शाळा अल्माटीत, माझ्या घरातून. आणि मी एकदा ठरवलं की ठरलं. वरच्या तारांना बांधलेली बारा मीटरची गाडी मी रोज भर गर्दीतून काढायची, रस्त्यात आडवी लावलेली कोणाचीही मोटार बघून माझा हात कापत नसे. तिथे एका सासूचं काय घेऊन बसलात?

ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. तालगरच्या वरच्या अंगाला, जिथे फळबागा संपून डोंगर सुरू होतो, तिथे आमचं घर. मी आणि माझा नवरा बेकझात पोचलो तेव्हा झिबेक अंगणात दिसली नाही. सासूबाई म्हणाल्या, "असेल कुठेतरी मातीत नाक खुपसून." समोवार तापला होता. चहा ओतायचं काम सुनेचं, म्हणून मी बसले ओतायला. सासऱ्यांना दिला, सासूबाईंना दिला आणि सरळ बोलले.

"झिबेकला न्यायला आलेय मी. शहरातल्या शाळेत घालणार."

बेकझातने तोंडात मिठाची गुळणी धरली. गाडीत चांगला तासभर मला सांगत होता, मी बोलतो, मी बोलतो.

सासूबाईंनी पियाला खाली ठेवला. "दिलेलं परत मागतात का गं? मी ऐकलं नाही असं कधी."

"मी दिलं नव्हतं. तुम्ही नेलं होतं."

"रात्ररात्र दातांसाठी रडायची तेव्हा कुठे होतीस?"

"तुमच्याच उंबऱ्यावर. दर शनिवारी. वहिनी बनून."

त्यांनी माझ्या हातातली किटली काढून घेतली. आमच्यात चहा अर्धा पियाला ओततात, पाहुण्याने पुन्हा पुन्हा मागावा म्हणून. काठोकाठ भरलेला पियाला पुढे आला की समजायचं, प्या आणि निघा. सासूबाईंनी माझा पियाला असा भरला की बशीत सांडला, आणि माझ्यापुढे सरकवला.

मी पियाला उचलला आणि सगळा चहा एका दमात पिऊन टाकला. जीभ अशी पोळली की डोळ्यांत पाणी आलं, पण पियाला पुन्हा पुढे केला. "छान झालाय. आणखी द्या."

सासरे दाढीतल्या दाढीत हसले. जन्म घोड्यांमागे घालवलेला माणूस, दोन घोड्या भांडायला लागल्या की मध्ये पडायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. ते म्हणाले, "असं करू. उद्या सकाळी पोरीलाच विचारू. ती म्हणेल तसं."

"विचारा!" सासूबाई म्हणाल्या.

"विचाराच!" मी म्हणाले.

आम्हा दोघींनाही आपापली खात्री होती. एवढी की कोणी उठून खिडकीबाहेर बघितलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही घरात झोपत नाही. सफरचंदाच्या झाडांमध्ये मोठा लाकडी माचा आहे, त्यावरच जेवण आणि त्यावरच गाद्या. अंधार पडायला लागला तशी सासऱ्यांनी माच्याभोवती मेंढीच्या लोकरीचा जाड दोर टाकला. विंचू आणि काळे कोळी मेंढीच्या वासाला भितात, तो दोर ओलांडत नाहीत, असं आमचे लोक शेकडो वर्षं मानत आलेत.

झिबेक माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. हळूच म्हणाली, "वहिनी, ओलांडतात. मी पाहिलंय. पण अताला सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

अता म्हणजे आजोबा. आजोबांना सगळेच अता म्हणतात, म्हणून त्या नावाने ती त्यांना बोलवायची. सासूबाईंना मात्र आई.

"चल, माझी माणसं दाखवते," ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन निघाली. मी मागोमाग. मनात म्हटलं, हीच वेळ. शहरातली गंमत सांगते, तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं सांगते, सर्कस सांगते. पण पोरगी मला बोलू देईल तर ना.

कोबीच्या वाफ्यात तिने आधी मला उकिडवं बसवलं. एका पानाच्या घडीत तीन लाल ठिपकेवाले किडे एकमेकांना चिकटून निजले होते. या किड्याला आम्ही खानाची लेक म्हणतो. "या दिवसा भांडतात आणि रात्री एकत्र झोपतात," झिबेक म्हणाली. मग खालच्या अंगाला किर्पी दाखवली, मुठीएवढं काटेरी जनावर. मांजरीच्या बशीतलं दूध ती अशी चवीने पीत होती की जणू बशी तिच्याच नावावर आहे. मांजर बाजूला बसून बघत होती. मग झिबेक नळापाशी आली आणि ओल्या दगडाखाली हात घालून तिने भला मोठा बेडूक काढला नि माझ्यापुढे धरला.

मी दोन पावलं मागे उडी मारली.

"वहिनी! एवढी मोठी बस चालवतेस आणि याला घाबरतेस?"

"बस अशी बघत नाही माझ्याकडे."

ती खळखळून हसली. असं हसताना तिच्या उजव्या गालाला खळी पडते, माझ्या आईच्या पडते तशी. मी तिच्या हातातून बेडूक घेतला. हो, घेतला. गार, मऊ आणि छाती धडधडणारा. म्हटलं, बाबा रे, तू आणि मी सारखेच. मग त्याला जपून दगडाखाली ठेवला.

परत येताना भिंतीवर एक गोगलगाय चढत होती. झिबेकने तिच्यावर बॅटरी धरली आणि ती चढेल तसा उजेड वर सरकवत राहिली. मग म्हणाली, "हिला कोणी विचारत नाही, कुठे राहायचं म्हणून."

मी वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. "तुला कोणी काय सांगितलं?"

"कोणी नाही. मी खिडकीखाली होते. मुंग्या बघत होते." आणि ती पुढे धावली.

निजताना वेगळाच तमाशा. झिबेक मधोमध, तिच्या डाव्या हाताला सासूबाई आधीच पसरलेल्या, उजव्या हाताला मी जागा धरलेली. दोघा पुरुषांना कडेच्या गाद्या मिळाल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुला शहरात सवय नाही, गार लागेल. आत जाऊन झोप."

"तुमचे गुडघे दुखतात, तुम्हीच जा."

"गप्प बसा गं दोघी," सासरे म्हणाले. "तारे आले बघा."

चंद्र नव्हता. डोंगराकडून वारा येत होता आणि रातकिड्यांनी बाग डोक्यावर घेतली होती. उत्तरेला, जरा खाली, सात चोर निघाले होते. कुठेकुठे लोकांना त्या सातांत ऋषी दिसतात म्हणे. आम्ही घोडे पाळणारी माणसं, आम्हाला चोरच दिसतात. आणि थोड्या वेळाने पूर्वेकडच्या झाडांच्या शेंड्यांवर उर्केर उगवली, बारीक ताऱ्यांचा तो दाट झुबका.

"अता, गोष्ट," झिबेक म्हणाली.

गोष्ट ती रोज ऐकते. सासऱ्यांनी सुरू केली. उर्केरला खूप मुलं होती, त्यांत सगळ्यात धाकटी आणि देखणी एक लेक. सात चोर घोड्यांवर आले आणि तिला उचलून घेऊन गेले. "ती बघ. शेपटाकडून दुसरा चोर आहे ना, त्याला बिलगून एक बारीक तारा दिसतो, तीच ती. तेव्हापासून उर्केर मागे आणि चोर पुढे. ती उगवली की ते पळतात."

"मी ती पोरगी असते तर ओरडले असते," झिबेक म्हणाली.

"लहान होती गं. तिला काय कळतंय?"

"चोरांनी तिला मारलं का?"

"छे छे! फार लाडाने वाढवली. बघ की, कशी कुशीत धरलीय, वारा लागू देत नाहीत."

"मग ते चोर कसे?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. गोष्टीत हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसावा. पलीकडून बेकझात म्हणाला, "दुसऱ्याचं घेतलं म्हणून चोर." तो एवढंच बोलला. त्या घरात, स्वतःच्या आईसमोर, एवढं बोलतानाही मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"झोपा आता," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झिबेकचं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

थोड्या वेळाने सासऱ्यांचं घोरणं सुरू झालं. मला वाटलं पोरगीही झोपली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली आणि माझ्या कानाला तोंड लावून बोलू लागली. तिच्या तोंडाला कलिंगडाचा वास येत होता.

"वहिनी, मला माहितीये."

"काय?"

"तू माझी आई आहेस ते. मागच्या आळीतल्या बोताने सांगितलं. केव्हाच."

मी तिच्याकडे कूस वळवली. "मग तू कोणाला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही कोणी सांगितलं नाही. मला वाटलं गुपित आहे. बोलले तर आई रडेल."

मी तिचा हात धरला. नखांत माती होती.

"उर्केरची लेक आहे ना," ती म्हणाली, "ती परत गेली तर ते सगळे रडतील. नाही गेली तर तिची आई रडेल. म्हणजे काही केलं तरी तिच्यामुळेच रडतील. मग वाईट तीच ना?"

"नाही गं राजा. तिचं काही वाईट नाही."

"मग उद्या मला नका ना विचारू."

सात वर्षांचं लेकरू. आम्ही मोठी माणसं चहा पितापिता एकमेकींना जिंकायला निघालो होतो, आणि या पोरीने खिडकीखाली बसून सगळा भार आपल्या खांद्यावर घेतला होता. मला राग आला. सासूबाईंचा नाही, बेकझातचा नाही, आम्हा सगळ्यांचाच. घोड्यांच्या बाजारात शिंगरूला तरी कोणी विचारत नाही, तू कोणाचं म्हणून.

"नाही विचारणार," मी म्हणाले. "माझा शब्द."

"नक्की?"

"मी गाडी सुटायची वेळ एकदा सांगितली की ती चुकत नाही. माहीत आहे ना?"

ती लगेच झोपली. मुलं अशीच, ओझं दुसऱ्याला दिलं की झोपतात. मी मात्र जागी होते. आणि एवढ्या जवळून मला कळत होतं की पलीकडे सासूबाईही जाग्या आहेत. त्यांचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

सकाळी माच्यावर पुन्हा समोवार आला. झिबेक तळलेल्या पिठाच्या बाउरसाकाचा तुकडा हातात घेऊन बसली होती, खात नव्हती. सासऱ्यांनी टोपी नीट केली, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "हां, तर झिबेकजान..."

"तिला काही विचारायचं नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी झटकन वर बघितलं. "का? घाबरलीस?"

"मी? घाबरायला काय झालंय? पोरगी इथेच राहणार, इथेच शाळेत जाणार. तिची बाग, तिची किर्पी, तिचे बेडूक, सगळं आहे तिथेच राहू दे."

सासूबाईंचे खांदे सैल झाले. बशी पुसायला घेतली. "देवाने बुद्धी दिली म्हणायची."

"आणि मी पण इथेच राहणार."

बशी हातातच राहिली.

"तालगरहून शहराला जाणाऱ्या गाड्यांना चालक हवेत, स्टँडवर पाटी लागलीय. लायसन्स माझ्याकडे आहे. गाडी पहाटे गावातून सुटते, संध्याकाळी गावात येते. मधली खोली रिकामीच आहे. बेकझात माझ्याच गाडीने कामाला येईल-जाईल. तिकीट काढून."

"मला कोणी विचारलं का?" बेकझात म्हणाला.

"नाही!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. तो पोटभर हसला. त्या घरात त्याला असं हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होते.

खरं सांगायचं तर ट्रॉलीबस सोडायची म्हणजे मला काळीज काढून ठेवण्यासारखं होतं. गावच्या गाडीवर मी डेपोत बसून किती नाक मुरडलं होतं. खड्डे, कोंबड्यांची खुराडी, पाठीमागून "ए बाई, इथे थांब, माझी आत्या राहते" असं ओरडणारे लोक. पण मूल ज्या जमिनीत रुजलंय तिथून उपटायचं, तर मग मी आठवी चोर. त्यापेक्षा मीच हलते. मला चाकं आहेत.

सासूबाई मात्र अजून तिथेच अडल्या होत्या. "एका घरात दोन आया? लोक काय म्हणतील?"

"दोन कुठे? एक आई, एक आजी. सगळ्या घरांत असतात तशा."

"आजी?" त्या उठून उभ्या राहिल्या. "मी आजी? तिचा पहिला दात माझ्या बोटाला लागला. पहिलं पाऊल माझ्या गालिच्यावर टाकलं. गोवर आला तेव्हा नऊ रात्री मी पाठ टेकली नाही. आणि आता मी आजी!"

"आई, वहिनीला इथे राहू दे ना," झिबेक म्हणाली. एवढंच. मग तिने बाउरसाक तोंडात टाकला आणि खायला लागली.

सासूबाई बागेत निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशीही. मी शहरातून सामान आणलं, मधल्या खोलीत लावलं, त्यांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. रात्री माच्यावर त्यांची गादी डावीकडे आणि माझी उजवीकडे. झिबेक दोघींना आलटून पालटून किड्यांची भांडणं सांगायची. मला वहिनी म्हणायची. मी ओ द्यायची. रीत मोडायला निघालेय म्हणून मी तिच्या तोंडून ओढून शब्द काढणार नव्हते.

एक सप्टेंबर उजाडला. पहिल्या घंटेला सगळं गाव शाळेत जातं. सासूबाईंनी काळ्या मखमलीचं जाकीट घातलं होतं, डोक्याला नवा पांढरा रुमाल. झिबेकच्या केसांत त्यांनीच दोन मोठी पांढरी फुलं बांधली होती, एवढी मोठी की पोरगी मागून ससा दिसत होती. तिने एक हात त्यांना दिला होता आणि एक मला. आम्ही तिघी फाटकाशी पोचलो. वर्गाच्या बाई तरुण होत्या, शहरातून नव्याने आलेल्या, गावात कोणाला ओळखत नव्हत्या. रांग लावत लावत आमच्यापाशी आल्या.

"आई कोण? आईने मुलीचा हात धरून आत यायचंय. बाकीच्यांनी भिंतीपाशी थांबायचं."

झिबेकचे दोन्ही हात एकदम ताठ झाले. मला कळलं, आणि पलीकडे सासूबाईंनाही कळलं असणार. पोरीने वर कोणाकडेच बघितलं नाही, खाली आपल्या नव्या बुटांकडे बघत राहिली. हाच तो प्रश्न, आम्ही न विचारलेला. मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते ते अजूनही मला ठाऊक नाही. बहुधा, दोघी येतो, असं काहीतरी.

सासूबाईंनी झिबेकचा हात उचलला, तिची बोटं आपल्या बोटांतून एकेक करून सोडवली आणि तो हात माझ्या मोकळ्या हातात ठेवला.

"ही हिची आई," त्या बाईंना म्हणाल्या. "मी आजी."

एवढे दिवस माझ्या तोंडाला कोणी झाकण लावू शकलं नव्हतं. त्या फाटकात माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मी नुसती रडत उभी राहिले, सगळ्या गावासमोर.

"आता उभी काय राहिलीस?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या. "हात घट्ट धर तिचा. ही पोरगी चालताना खाली बघते, कुठेही धडपडते."

आणि जाकीट ओढून नीट करत, भिंतीपाशी बाकीच्या आज्या उभ्या होत्या तिथे त्या जाऊन उभ्या राहिल्या.